बेंझीन वलयावर नवा गट कोठे बसेल, हे कसे ठरवावे

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अभ्यासात इलेक्ट्रॉनस्नेही अरोमॅटिक प्रतियोजनाचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या शोधात असलेला कण बेंझीनसारख्या वलयावरील हायड्रोजनची जागा घेतो त्या अभिक्रियांचे, प्रकरण आले की बहुतेक विद्यार्थी दोन याद्या पाठ करतात: ऑर्थो-पॅरा निर्देशक गटांची एक आणि मेटा निर्देशक गटांची दुसरी (वलयावरील गटाच्या लगतची जागा ऑर्थो, एक कार्बन सोडून असलेली मेटा आणि थेट समोरची पॅरा; निर्देशक गट नव्या गटाला त्या जागी पाठवतो). या याद्या चुकीच्या नाहीत आणि सोप्या प्रश्नांपुरत्या त्या कामीही येतात. परंतु वलयावर आधीच दोन गट असले, क्लोरीनसारखा अणू असला किंवा अभिक्रिया तीव्र आम्लात घडत असली, की पाठांतर अपुरे पडते. म्हणून येथे भर याद्यांवर नसून एका आकृतीवर आहे. इलेक्ट्रॉनस्नेही कण वलयाला जोडला गेल्यानंतर आणि तेथील हायड्रोजन निघून जाण्यापूर्वी जो धनप्रभारित मध्यस्थ तयार होतो, त्याची आकृती काढता आली आणि त्यातील धनप्रभार कोणकोणत्या कार्बनवर जातो हे सांगता आले, तर या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या आकृतीतूनच मिळवता येते.

प्रतियोजनच का, समावेशन का नाही

बेंझीनमधील सहा पाय (π) इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर सारखे विखुरलेले असतात. त्यामुळे त्यातील प्रत्येक कार्बन-कार्बन बंधाची लांबी १३९ पिकोमीटर, म्हणजे एकेरी बंधाच्या १५४ आणि दुहेरी बंधाच्या १३४ पिकोमीटरच्या दरम्यान असते. सायक्लोहेक्झीनमधील एका दुहेरी बंधाचे हायड्रोजनीकरण केले असता मोलमागे सुमारे १२० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्या हिशेबाने तीन दुहेरी बंध मानलेल्या बेंझीनमधून ३६० किलोज्यूल बाहेर पडायला हवेत, पण प्रत्यक्षात सुमारे २०८ किलोज्यूलच बाहेर पडतात. मधला सुमारे १५० किलोज्यूलचा फरक म्हणजे अरोमॅटिक रचनेमुळे वलयाला लाभलेले स्थैर्य होय.

या एका आकड्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की इथीनवर सहज समाविष्ट होणारे ब्रोमीन बेंझीनशी आपणहून अभिक्रिया करत नाही, कारण वलयातील इलेक्ट्रॉन बाहेर ओढण्यासाठी अधिक जोरकस इलेक्ट्रॉनस्नेही कण लागतो. दुसरा असा, की एकदा हल्ला झाला आणि अरोमॅटिक रचना तात्पुरती मोडली, तरी मध्यस्थ ऋण आयन जोडून घेऊन समावेशनाकडे वळत नाही, तर प्रोटॉन सोडून ती रचना पुन्हा मिळवतो.

पहिले काम: हल्ला करणारा कण ओळखणे

प्रश्नात दिलेली रसायने वाचल्यावर सर्वांत आधी हे लिहून काढावे, की त्यांच्यातून प्रत्यक्ष हल्ला करणारा कण कोणता निर्माण होतो. बाटलीवरचे नाव आणि अभिक्रियेत भाग घेणारा कण हे सहसा एकच नसतात.

नायट्रीकरण हे याचे उत्तम उदाहरण आहे. संहत नायट्रिक आम्ल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल एकत्र केल्यावर, अधिक तीव्र असलेले सल्फ्युरिक आम्ल नायट्रिक आम्लाला प्रोटॉन देते. म्हणजे नायट्रिक आम्ल येथे चक्क आम्लारीची भूमिका करते. प्रोटॉन मिळालेल्या या रेणूतून पाणी निघून जाते आणि रेषीय आकाराचा नायट्रोनियम आयन उरतो. हा आयन केवळ कागदावरचा नाही. एक रेणू नायट्रिक आम्ल आणि दोन रेणू सल्फ्युरिक आम्ल यांपासून एक नायट्रोनियम, एक हायड्रोनियम आणि दोन हायड्रोजनसल्फेट असे चार आयन बनतात, आणि सल्फ्युरिक आम्लात नायट्रिक आम्ल विरघळवल्यावर गोठणबिंदू नेमका चार कणांच्या हिशेबाने खाली येतो. मिश्रणात पाणी वाढले की नायट्रोनियम आयन पुन्हा नायट्रिक आम्लाकडे वळतो, म्हणून पाण्याचा अंश कमी राखणे या अभिक्रियेत महत्त्वाचे असते. बेंझीनच्या नायट्रीकरणात तापमान साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात, कारण त्याहून अधिक तापवल्यास मेटा-डायनायट्रोबेंझीन तयार होण्याचे प्रमाण वाढू लागते.

हॅलोजनीकरणात ब्रोमीनचा रेणू फेरिक ब्रोमाइडशी जोडला जातो, त्यामुळे ब्रोमीन-ब्रोमीन बंध ताणला जाऊन टोकाचा ब्रोमीन अणू धनप्रभाराकडे झुकतो आणि वलय त्याच्याकडे इलेक्ट्रॉन देऊ शकते. फेरिक ब्रोमाइडऐवजी लोखंडाचा कीस टाकला तरी चालते, कारण लोह आणि ब्रोमीन यांच्यापासून ते संयुग तेथेच बनते. क्लोरीनसाठी फेरिक क्लोराइड किंवा ॲल्युमिनिअम क्लोराइड वापरतात. आयोडीन एकटे पुरेसे जोरकस नसते, म्हणून त्याच्याबरोबर नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक घ्यावा लागतो; फ्लुओरीन उलट इतके आक्रमक असते, की त्याची बेंझीनशी होणारी थेट अभिक्रिया आवरणे कठीण जाते आणि फ्लुओरोबेंझीन वेगळ्याच मार्गाने तयार करतात.

सल्फोनीकरणात धूमायमान सल्फ्युरिक आम्लातील सल्फर ट्रायऑक्साइड हल्ला करते. हा रेणू उदासीन आहे, तरीही त्यातील सल्फरभोवती तीन ऑक्सिजन असल्यामुळे सल्फर इलेक्ट्रॉनांसाठी आसुसलेला असतो. तेव्हा इलेक्ट्रॉनस्नेही कणावर धनप्रभार असलाच पाहिजे असे मानू नये. या अभिक्रियेचा दुसरा विशेष असा, की ती उलटवता येते: संहत आणि धूमायमान आम्लात सल्फोनिक आम्ल गट बसतो, तर विरल आम्लात तापवल्यावर तो निघून जातो. याचा उपयोग पुढे संश्लेषणात होईल.

फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया शार्ल फ्रीडेल आणि जेम्स मेसन क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये मांडल्या. अल्किल क्लोराइड आणि ॲल्युमिनिअम क्लोराइड यांपासून कार्बधनायन (धनप्रभारित कार्बन असलेला आयन) किंवा त्याच्या जवळ जाणारे संकुल मिळते. ॲसिल क्लोराइडपासून ॲसिलियम आयन मिळतो, ज्याचा धनप्रभार कार्बन आणि ऑक्सिजन या दोघांत विभागला जातो. हा फरक लक्षात असू द्यावा, कारण दोन अभिक्रियांचे स्वभाव त्यामुळेच भिन्न होतात.

दुसरे काम: मध्यस्थाची आकृती

आता मुख्य भाग. इलेक्ट्रॉनस्नेही कण ज्या कार्बनला जोडला जाईल त्याला क्रमांक १ द्यावा. या कार्बनवर आता नवा गट आणि मूळचा हायड्रोजन असे दोन्ही असतात. तो एसपी३ संकरित होतो, म्हणजे त्याचे चारही बंध एकेरी होतात, आणि तो संस्पंदनातून, म्हणजे वलयभर इलेक्ट्रॉन विखुरण्यातून, बाहेर पडतो. उरलेल्या पाच कार्बनांवर चार पाय इलेक्ट्रॉन राहतात आणि एक धनप्रभार विभागला जातो. तीन संस्पंदन रचना, म्हणजे एकाच आयनातील इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या जागी दाखवणारी चित्रे, काढाव्यात: पहिलीत धनप्रभार क्रमांक २ वर, दुसरीत क्रमांक ४ वर आणि तिसरीत क्रमांक ६ वर. क्रमांक ३ आणि ५ यांच्यावर तो कोणत्याही रचनेत येत नाही. म्हणजेच, हल्ल्याच्या जागेच्या सापेक्ष ऑर्थो आणि पॅरा कार्बन धनप्रभार वाहतात, मेटा कार्बन वाहत नाहीत. या प्रकरणाचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे.

आकृती काढताना क्रमांक १ वरचा हायड्रोजन प्रत्येक वेळी स्पष्ट लिहावा. तो गृहीत धरून सोडून दिला, की धनप्रभार त्याच कार्बनवर लिहिण्याची किंवा प्रोटॉन भलत्याच जागेवरून काढण्याची चूक हमखास होते. शेवटच्या पायरीत द्रावणातील एखादी आम्लारी, मग ती हायड्रोजनसल्फेटसारखी दुर्बल का असेना, हा हायड्रोजन प्रोटॉनच्या रूपात घेऊन जाते आणि त्याच्या बंधातील इलेक्ट्रॉन वलयात परततात.

या मध्यस्थाला सिग्मा संकुल किंवा अरेनियम आयन म्हणतात. जॉर्ज व्हेलंड यांनी १९४२ मध्ये अशाच रचनांची गणिते मांडून गटांच्या दिशानिर्देशाचे स्पष्टीकरण दिले, म्हणून त्याला व्हेलंड मध्यस्थ असेही नाव आहे. काही अनुकूल उदाहरणांत तो प्रत्यक्ष वेगळाही करता आला आहे: मेसिटिलीन (तीन मिथिल गट असलेले बेंझीन), इथिल फ्लुओराइड आणि बोरॉन ट्रायफ्लुओराइड उणे ८० अंश सेल्सिअसला एकत्र आणल्यावर असा आयन घन स्वरूपात मिळतो आणि तो सुमारे उणे १५ अंशांना वितळतो.

दोन पायऱ्यांपैकी कोणती मंद, हा प्रश्न परीक्षेत वारंवार येतो. हायड्रोजनच्या जागी त्याचे जड समस्थानिक घातले, तर कार्बनशी असलेला त्याचा बंध तुटायला अधिक ऊर्जा लागते. म्हणून बंध तुटण्याची पायरी मंद असती, तर अभिक्रियेचा वेगही ठळकपणे घटला असता. लार्स मेलांडर यांनी १९५० च्या सुमारास ट्रिशियम घातलेल्या अरोमॅटिक संयुगांवर नायट्रीकरण करून पाहिले, तेव्हा अशी घट दिसली नाही. याचा अर्थ हल्ल्याची पायरी मंद आणि प्रोटॉन सुटण्याची पायरी जलद आहे. सल्फोनीकरणात मात्र समस्थानिकाचा थोडा परिणाम दिसतो, कारण तेथे पहिली पायरी सहज उलटते आणि प्रोटॉन सुटण्याचा वेगही हिशेबात धरावा लागतो.

हल्ला मंद असल्यामुळे अभिक्रियेचा वेग आणि नव्या गटाची जागा या दोन्ही गोष्टी सिग्मा संकुल किती स्थिर आहे यावरून ठरतात. काटेकोरपणे बोलायचे तर तुलना संक्रमण अवस्थांची, म्हणजे त्या पायरीतील सर्वोच्च ऊर्जेच्या रचनांची, करायला हवी, पण त्या अवस्था सिग्मा संकुलाला ऊर्जेने आणि रचनेने बऱ्याच जवळच्या असल्याने संकुलांची तुलना पुरेशी ठरते.

तिसरे काम: वलयावरील गटाला एकच प्रश्न विचारणे

वलयावर आधीपासून एखादा गट असेल, तर नवा कण त्याच्या ऑर्थो, मेटा आणि पॅरा जागी जोडला जाण्याच्या तीन आकृत्या काढाव्यात. ऑर्थो आणि पॅरा हल्ल्यात तीनपैकी एका रचनेत धनप्रभार जुन्या गटाच्याच कार्बनवर येतो. मेटा हल्ल्यात तो त्या कार्बनवर कधीच येत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो: आपल्या शेजारच्या कार्बनवर धनप्रभार आला, तर हा गट त्याला आधार देतो की आणखी अडचणीत आणतो?

मिथिल गट आधार देतो. टोल्युइनवरील (मिथिल गट असलेल्या बेंझीनवरील) ऑर्थो किंवा पॅरा हल्ल्यात एका रचनेतील धनप्रभार तृतीयक, म्हणजे तीन कार्बनांना जोडलेल्या, कार्बनवर येतो, आणि अशी रचना दुय्यम कार्बनवर धनप्रभार असलेल्या रचनेपेक्षा स्थिर असते. मिथॉक्सी, हायड्रॉक्सी आणि अमिनो गट त्याहून कितीतरी अधिक आधार देतात, कारण त्यांच्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवरील एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) धनप्रभारित कार्बनकडे सरकते आणि चौथी संस्पंदन रचना मिळते. या चौथ्या रचनेत हायड्रोजन सोडून प्रत्येक अणूचे अष्टक पूर्ण असते, म्हणून ती इतर तिन्हींपेक्षा महत्त्वाची ठरते. उत्तरपत्रिकेत ही चौथी रचना काढलेली नसेल, तर स्पष्टीकरण अर्धेच राहिले असे समजावे.

नायट्रो गट अडचणीत आणतो. त्याच्या नायट्रोजनवर मुळातच धनप्रभार असतो, आणि ऑर्थो किंवा पॅरा हल्ल्यात शेजारच्या कार्बनवर दुसरा धनप्रभार आला, की दोन सजातीय प्रभार शेजारी शेजारी येतात. अल्डिहाइड, कीटोन, कार्बॉक्सिल, सायनो, सल्फोनिक आम्ल आणि ट्रायफ्लुओरोमिथिल या गटांतही वलयाला जोडलेला अणू इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत दरिद्री असतो, आणि तर्क तोच लागू पडतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: हे गट मेटा जागेला मदत करत नाहीत. ते तिन्ही जागा निष्क्रिय करतात. मेटा जागेचे नुकसान त्यातल्या त्यात कमी होते, म्हणून नवा गट तेथे जातो.

नायट्रीकरणाचे आकडे हे चित्र स्पष्ट करतात. बेंझीनचा वेग १ मानल्यास टोल्युइनचा वेग सुमारे २५ आणि फिनॉलचा सुमारे १,००० येतो, तर नायट्रोबेंझीनचा वेग एकाच्या कोट्यवधीव्या भागाइतका खाली जातो. टोल्युइनपासून सुमारे ५९ टक्के ऑर्थो, ३७ टक्के पॅरा आणि ४ टक्के मेटा समघटक (तेच अणू पण वेगळी रचना असलेली संयुगे) मिळतात. नायट्रोबेंझीनपासून सुमारे ९३ टक्के मेटा मिळते. टोल्युइनच्या आकड्यांत ऑर्थोचे प्रमाण अधिक दिसण्याचे एक कारण असे, की ऑर्थो जागा दोन आहेत आणि पॅरा एकच. मिथिलच्या जागी तृतीयक ब्युटिल गट आला, की त्याच्या आकारामुळे शेजारी जागा उरत नाही. ऑर्थो समघटक सुमारे १६ टक्क्यांवर घसरतो आणि पॅरा सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत चढतो. तेव्हा इलेक्ट्रॉनांचा हिशेब झाल्यावर गटाच्या आकाराकडे एकदा नजर टाकावी.

हॅलोजनांचे कोडे

क्लोरोबेंझीनचे नायट्रीकरण बेंझीनच्या सुमारे तिसाव्या भागाइतक्या वेगाने होते, म्हणजे क्लोरीन निष्क्रियक आहे; तरीही उत्पादितांत सुमारे ७० टक्के पॅरा आणि ३० टक्के ऑर्थो असते, मेटा जेमतेम १ टक्का. याद्या पाठ करणाऱ्याला हा अपवाद वाटतो. माझ्या मते मात्र या प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण हेच आहे, कारण वेग आणि दिशा हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत हे ते दाखवून देते.

क्लोरीनची विद्युतऋणता मोठी असल्याने तो सिग्मा बंधातून वलयातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. हा प्रेरण परिणाम तिन्ही जागांच्या सिग्मा संकुलांना अस्थिर करतो, म्हणून एकूण वेग घटतो. पण ऑर्थो किंवा पॅरा हल्ल्यात धनप्रभार क्लोरीनच्या कार्बनवर आला, की क्लोरीनवरील एकाकी जोडी काही प्रमाणात त्याला आधार देऊ शकते. मेटा हल्ल्यात ही सोय नसते. म्हणजे तिन्ही जागांचे नुकसान होते, मात्र त्यांपैकी ऑर्थो आणि पॅरा यांना थोडी भरपाई मिळते. क्लोरीनची एकाकी जोडी ३पी कक्षिकेत असते आणि ती कार्बनच्या २पी कक्षिकेशी नीट जुळत नाही, म्हणून ही भरपाई अपुरी पडते. फ्लुओरीनची जोडी २पी कक्षिकेतच असल्याने ती चांगली जुळते, आणि विद्युतऋणता सर्वाधिक असूनही फ्लुओरोबेंझीन हे हॅलोबेंझीनांमध्ये नायट्रीकरणाला सर्वांत कमी विरोध करते. अमिनो आणि मिथॉक्सी गटही प्रेरणाने इलेक्ट्रॉन ओढतातच. फरक इतकाच, की त्यांच्या बाबतीत संस्पंदनाची बाजू प्रेरणावर मात करते.

अभिक्रियेच्या माध्यमाकडे दुर्लक्ष करू नये

गट कोणता आहे हे प्रश्नात लिहिलेले असते. अभिक्रियेच्या भांड्यात तो तसाच राहतो का, हे स्वतः पाहावे लागते. ॲनिलीनचे (अमिनो गट असलेल्या बेंझीनचे) थेट नायट्रीकरण हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अमिनो गट प्रबळ ऑर्थो-पॅरा निर्देशक आहे, तरी उत्पादितांत सुमारे ५१ टक्के पॅरा, ४७ टक्के मेटा आणि अवघे २ टक्के ऑर्थो सापडते. तीव्र आम्लात अमिनो गट प्रोटॉन घेऊन ॲनिलीनियम आयन बनतो, त्याच्या नायट्रोजनवर एकाकी जोडी उरत नाही आणि धनप्रभारामुळे तो मेटा निर्देशक होतो. शिवाय नायट्रिक आम्लामुळे ॲनिलीनचे ऑक्सिडीकरण होऊन डांबरासारखे पदार्थ तयार होतात ते वेगळेच. यावरचा उपाय असा, की आधी ॲसिटिक ॲनहायड्राइडने ॲनिलीनचे ॲसिटॅनिलाइड करावे. त्यातील नायट्रोजनची जोडी अंशतः कार्बोनिल गटाकडे गुंतलेली असल्याने तो प्रोटॉन सहज घेत नाही, पण वलयाला आधार देण्याइतकी जोडी त्याच्याकडे शिल्लक असते. नायट्रीकरणानंतर मुख्यतः पॅरा उत्पादित मिळते आणि जलअपघटन केल्यावर पॅरा-नायट्रोॲनिलीन हाती येते.

फिनॉलच्या बाबतीत द्रावक महत्त्वाचा ठरतो. ब्रोमीनजलाबरोबर कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका पडतो, कारण पाण्यात फिनॉलचा काही भाग फिनॉक्साइड आयनाच्या रूपात असतो आणि तो आयन फिनॉलपेक्षाही कितीतरी क्रियाशील असतो. एकच ब्रोमीन बसवायचा असेल, तर कार्बन डायसल्फाइडसारखा अध्रुवी द्रावक आणि कमी तापमान निवडावे; मग मुख्यतः पॅरा-ब्रोमोफिनॉल मिळते.

वलयावर दोन गट असताना

दोन्ही गट एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर विचार करण्यासारखे फारसे नसते. पॅरा-नायट्रोटोल्युइनमध्ये मिथिलची ऑर्थो जागा हीच नायट्रोची मेटा जागा असते, म्हणून तिसरा गट तेथेच जातो. दोघांची मते वेगळी असतील, तर अधिक प्रबळ सक्रियकाचे मत मानावे: पॅरा-मिथिलफिनॉलमध्ये हायड्रॉक्सी गटाची ऑर्थो जागा निवडली जाते. दोन्ही गट साधारण सारख्याच ताकदीचे असतील, जसे पॅरा-क्लोरोटोल्युइनमध्ये, तर मिश्रण मिळते आणि एकच उत्तर देण्याचा आग्रह धरू नये. आणखी एक व्यवहारी नियम असा, की एकमेकांच्या मेटा जागी असलेल्या दोन गटांच्या मधोमध असलेली जागा, इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने अनुकूल असली तरी, गर्दीमुळे सहसा रिकामी राहते.

हीच पद्धत इतर वलयांनाही लागू पडते. नॅफ्थलीनवर क्रमांक १ च्या जागी हल्ला झाल्यास दुसरे वलय अखंड अरोमॅटिक ठेवणाऱ्या दोन संस्पंदन रचना मिळतात, क्रमांक २ च्या जागी झाल्यास एकच. म्हणून नायट्रीकरण क्रमांक १ वर होते. सल्फोनीकरण मात्र ८० अंश सेल्सिअसला मुख्यतः क्रमांक १ वर आणि १६० अंशांना मुख्यतः क्रमांक २ वर होते. उष्ण परिस्थितीत अभिक्रिया उलटत राहते आणि शेवटी कमी गर्दीचे, अधिक स्थिर उत्पादित उरते.

फ्रीडेल-क्राफ्ट्सच्या मर्यादा

संश्लेषणाच्या प्रश्नांत सर्वाधिक गुण येथेच जातात, म्हणून थोडे सविस्तर पाहू. अल्किलीकरणात तीन अडचणी आहेत. पहिली पुनर्रचनेची: बेंझीन आणि १-क्लोरोप्रोपेन यांच्यापासून मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन मिळते, कारण प्राथमिक कार्बधनायनाकडे झुकणारे संकुल हायड्राइड सरकवून दुय्यम कार्बधनायन बनते. दुसरी अशी, की बसलेला अल्किल गट वलयाला सक्रिय करतो, म्हणून उत्पादितावर मूळ संयुगापेक्षा लवकर पुन्हा हल्ला होतो. तो टाळण्यासाठी बेंझीन भरपूर जास्त घ्यावे लागते. तिसरी अशी, की वलयावर नायट्रो, कार्बोनिल किंवा सल्फोनिक आम्ल यांसारखा निष्क्रियक गट असेल, तर अभिक्रिया होतच नाही. अमिनो गट असला तरी ती अडते, कारण ॲल्युमिनिअम क्लोराइड त्याच्या एकाकी जोडीला चिकटून बसते.

ॲसिलीकरणात पहिल्या दोन अडचणी नाहीत. ॲसिलियम आयनाची पुनर्रचना होत नाही, आणि बसलेला कार्बोनिल गट वलयाला निष्क्रिय करत असल्यामुळे दुसरा ॲसिल गट बसत नाही. तिसरी मर्यादा मात्र कायम आहे. शिवाय येथे ॲल्युमिनिअम क्लोराइड एका मोलपेक्षा थोडे अधिक घ्यावे लागते, कारण तयार झालेला कीटोन त्याच्याशी घट्ट संकुल बनवतो. अखेरीस पाणी घालून ते संकुल मोडतात. सरळ साखळीचा अल्किल गट हवा असेल, तर आधी ॲसिलीकरण करून मग झिंक अमालगम आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून क्लेमेन्सन क्षपण (कार्बोनिल गटातील ऑक्सिजन काढून तेथे हायड्रोजन बसवणे) करावे, किंवा आम्ल न चालणाऱ्या रेणूसाठी हायड्रॅझीन आणि पोटॅशिअम हायड्रॉक्साइड यांचे वोल्फ-किश्नर क्षपण निवडावे.

चौथे काम: क्रम ठरवणे

हव्या असलेल्या रेणूवरील गट एकमेकांच्या सापेक्ष कोठे आहेत हे आधी पाहावे आणि शेवटून मागे यावे. मेटा-ब्रोमोनायट्रोबेंझीन हवे असेल, तर नायट्रीकरण आधी आणि ब्रोमीनीकरण नंतर; पॅरा समघटक हवा असेल, तर उलट. टोल्युइनचे आधी नायट्रीकरण करून पॅरा समघटक वेगळा काढला आणि मग पोटॅशिअम परमँगनेटने मिथिल गटाचे ऑक्सिडीकरण केले, तर पॅरा-नायट्रोबेंझॉइक आम्ल मिळते. तीच दोन कामे उलट्या क्रमाने केल्यास मेटा समघटक मिळतो. मेटा-नायट्रोॲसिटोफिनोनमध्ये दोन्ही गट मेटा निर्देशक आहेत, त्यामुळे कोणताही क्रम चालेल असे वाटते; पण नायट्रोबेंझीनवर फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया होत नसल्याने ॲसिलीकरण आधीच करावे लागते.

कधी कधी गटाचा स्वभाव मधल्या टप्प्यावर बदलावा लागतो. मेटा-क्लोरोप्रोपिलबेंझीनमध्ये क्लोरीन आणि प्रोपिल दोन्ही ऑर्थो-पॅरा निर्देशक आहेत, तरी ते एकमेकांच्या मेटा जागी आहेत. अशा वेळी प्रोपॅनॉइल क्लोराइडने ॲसिलीकरण करावे, मेटा निर्देशक कार्बोनिल गट असतानाच क्लोरीन बसवावा आणि शेवटी क्लेमेन्सन क्षपणाने त्या गटाचे प्रोपिलमध्ये रूपांतर करावे.

कधी एखादी जागा अडवून ठेवावी लागते. ऑर्थो-नायट्रोॲनिलीन हवे असल्यास ॲसिटॅनिलाइडच्या पॅरा जागी आधी सल्फोनिक आम्ल गट बसवतात. मग नायट्रो गटाला ऑर्थो जागेखेरीज सोयीची जागा उरत नाही, आणि शेवटी विरल सल्फ्युरिक आम्लात तापवल्यावर सल्फोनिक आम्ल गट आणि ॲसिटिल गट दोन्ही निघून जातात.

आणि कधी दिशा दाखवणारा गटच शेवटी काढून टाकावा लागतो. १,३,५-ट्रायब्रोमोबेंझीन घ्या. ब्रोमीन स्वतः ऑर्थो-पॅरा निर्देशक असल्याने बेंझीनवर एकामागून एक ब्रोमीन बसवत गेल्यास तिघे एकमेकांच्या मेटा जागी येणार नाहीत. म्हणून ॲनिलीनपासून सुरुवात करावी. ब्रोमीनजलाने तिच्या दोन्ही ऑर्थो आणि एका पॅरा जागी ब्रोमीन बसून २,४,६-ट्रायब्रोमोॲनिलीन मिळते. या तीन जागा अमिनो गटाच्या सापेक्ष ऑर्थो आणि पॅरा असल्या, तरी एकमेकांच्या सापेक्ष मेटाच आहेत. त्यानंतर ० ते ५ अंश सेल्सिअसला सोडिअम नायट्राइट आणि तीव्र आम्ल वापरून अमिनो गटाचा डायअझोनियम क्षार करावा, आणि हायपोफॉस्फरस आम्ल घातल्यावर नायट्रोजन वायू निघून जाऊन त्या जागी हायड्रोजन येतो.